गाणे कोरकूंचे, नाव कुणाचे?

परतवाड्याहून धारणीकडे निघालेली एस.टी. घटांग ओलांडून उतरू लागली की दोन्ही बाजूंनी सागाचे रान अंगावर येते आणि काही वेळाने सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. चिखलदरा तालुक्यातले हे गाव वर्तमानपत्रात येते ते दोनच कारणांनी. एक वाघ, दुसरे कुपोषण. पर्यटकाला सेमाडोह म्हणजे जंगलसफारीचा मुक्काम आणि सरकारी अहवालाला सेमाडोह म्हणजे तक्त्यातली एक ओळ. या गावात आणि भोवतालच्या ढाण्यांमध्ये कोरकू माणसे राहतात, त्यांची स्वतःची भाषा आहे, त्या भाषेत लग्नाची, होळीची, पेरणीची आणि मरणाची गाणी आहेत, ही मात्र कधी बातमी होत नाही.

मागे एकदा एका शिक्षक मित्राबरोबर सेमाडोहला मुक्काम पडला. संध्याकाळी त्याच्या ओळखीच्या एका घरी अंगणात बसलो होतो. घरातल्या म्हाताऱ्या आजीला गाणी येतात असे कळले, म्हणून मी पिशवीतून वही काढली. आजीने वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मेळघाटात बाहेरच्यांशी बोलायची जी हिंदी आहे त्या हिंदीत म्हणाली, "बाबू, गाना तो सब ले गए. लौटाने कोई नहीं आया." पूर्वी टेप घेऊन माणसे आली, नंतर कॅमेरा घेऊन आली, आता मोबाईल घेऊन येतात. गाणे घेतात, फोटो घेतात, चहा पितात आणि जातात. पुस्तक झाले की नाही, झाले तर त्यात तिचे नाव आहे की नाही, हे तिला कोणी सांगितले नाही. मी वही पिशवीत ठेवली. त्या आजीने एका वाक्यात जे विचारले, ते वाङ्मयाच्या इतिहासाचे मोठमोठे ग्रंथ विचारत नाहीत. म्हणून आज हा विषय.

चाळणी कुणाच्या हातात?

कवितासंग्रह एका कवीचा असतो. पण अनेकांच्या कविता, कथा, निबंध, समीक्षा निवडून जेव्हा एक ग्रंथ होतो, तेव्हा तो संपादकाचा असतो. धान्य शेतकऱ्याचे, पण चाळणी संपादकाची. काय वर राहील आणि काय खाली पडेल हे चाळणीची भोके ठरवतात. पुढच्या पिढीला वर राहिलेलेच दिसते आणि तिला वाटते की त्या काळात एवढेच पिकले होते. शाळेचे पाठ्यपुस्तक, विद्यापीठाचा अभ्यासक्रम, वाङ्मयाचा इतिहास, सगळे याच चाळलेल्या धान्यावर उभे राहतात. तेव्हा निवडक साहित्याचा ग्रंथ हा निरुपद्रवी प्रकार नाही. तो सत्तेचा व्यवहार आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या भूमीतला अतिशय जुना संग्रह म्हणजे गाथासप्तशती. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. त्यात राजवाडा कमी आणि गाव जास्त. शेत आहे, नदी आहे, कष्टकरी बाई आहे. संस्कृतच्या दबदब्याच्या काळात लोकभाषेतले हे धन जपले गेले, याचे श्रेय सातवाहन राजा हाल याला दिलेच पाहिजे. परंतु दोन हजार वर्षांनी आपण तिला काय म्हणतो? हालाची सप्तशती. गाथा लोकांच्या, नाव राजाचे. जनाबाईचेच पाहा. दळण दळणाऱ्या या दासीचे अभंग आपल्यापर्यंत आले ते नामदेवाच्या गाथेतून. चोखोबाचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले असे वारकरी परंपरा सांगते. लिहून घेतले हे चांगलेच झाले, नाहीतर तेही हातचे गेले असते. पण लिहिणारा हात ज्याचा, त्याच्याकडे राखण्याची आणि गाळण्याचीही सत्ता येते, हे विसरून चालत नाही.

इंग्रजी अमदानीत छापखाना आला आणि चाळणी यंत्राची झाली. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले यांचे 'नवनीत' निघाले. मराठी कवितेचे हे वेचे शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आणि मराठी कविता म्हणजे काय याची सुशिक्षितांची कल्पना त्यावर घडली. त्यानंतर एकाच वर्षाने, १८५५ साली, 'ज्ञानोदय'मध्ये एका मुलीचा निबंध छापून आला. मुलीचे नाव मुक्ता साळवे. जात मांग, वय चौदाच्या आसपास, विद्यार्थिनी जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेची. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध वाचताना आजही अंगावर काटा येतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली १८७४ साली, म्हणजे मुक्ताच्या निबंधानंतर एकोणीस वर्षांनी. पण आम्ही शाळा-कॉलेजात मराठी निबंध शिकलो तेव्हा आम्हाला लोकहितवादी आणि चिपळूणकर शिकवले गेले. मुक्ता साळवे कोण, हे आम्हाला वर्गात नाही, चळवळीत कळले. तिचा निबंध हरवला नव्हता. छापलेला होता. फक्त चाळणीतून खाली पाडलेला होता.

म्हणूनच १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण पाठवले तेव्हा महात्मा फुले यांनी ते नाकारले. जे लोक माणसाचे हक्क सर्वांना मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसणार नाही, आमचा विचार आम्हीच करू, असा त्या पत्राचा मथितार्थ. मराठीतल्या बहुजन समीक्षेची सुरुवात कुठून करायची असा वाद विद्वान घालत असतात. आमच्या मते ती या नकारापासून होते.

आपण आपली चाळणी घडवली

हा नकार पुढे बाबासाहेबांच्या चळवळीने कृतीत आणला. जलसे निघाले, 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' निघाली. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. औरंगाबादेत डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. खेड्यापाड्यातली पोरे पोस्टकार्डावर कविता पाठवत आणि त्या छापून येत. १९७८ साली केशव मेश्राम यांनी 'विद्रोही कविता' संपादित केली. हे मेश्राम सर आपल्या वऱ्हाडातले, जन्म अकोल्याचा. १९९२ साली अर्जुन डांगळे यांच्या संपादनाखाली 'पॉयझन्ड ब्रेड' हा इंग्रजी संग्रह निघाला. बंधुमाधवांच्या 'विषारी भाकर' या कथेवरून त्याला हे नाव मिळाले. त्या एका ग्रंथाने मराठी दलित साहित्य जगभरच्या विद्यापीठांत पोचवले. भाषांतर करणारे अनेक होते, पण निवडणारा आपला होता. फरक तिथे पडला.

निवड आली की निकष येतात आणि निकष आले की समीक्षा येते. हे साहित्य प्रचारकी आहे, आक्रस्ताळे आहे, एकसुरी आहे, यात सौंदर्य नाही, असे प्रस्थापित समीक्षक म्हणत होते. आपण त्यांना विचारले, सौंदर्य म्हणजे काय आणि कुणाचे? डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तिथल्या काळ्या लेखकांच्या विद्रोहाची ओळख मराठीला करून दिली. यशवंत मनोहर, बाबुराव बागूल, शरद पाटील यांनी सिद्धांत मांडले. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ साली आले. आपापसात मतभेद होते, आहेत आणि राहतील. दलित साहित्य म्हणायचे की आंबेडकरी साहित्य, हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु तो वाद आपला आपण घालतो. आपल्याबद्दल दुसरे कोणी तो घालत नाही. याला म्हणतात वाङ्मयीन स्वातंत्र्य.

अमेरिकेतही हेच घडले. १९२२ साली जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी काळ्या कवींच्या कवितांचा संग्रह काढला. १९२५ साली अॅलन लॉक यांनी 'द न्यू नीग्रो' हा कथा, कविता आणि निबंधांचा ग्रंथ संपादित केला. दोघेही संपादक स्वतः काळे. त्याआधी काळ्यांची गाणी गोऱ्यांनी गोळा केली नव्हती असे नाही, पण त्या पुस्तकांत काळा माणूस हा अभ्यासाचा नमुना होता. लॉक यांच्या ग्रंथात तो बोलणारा माणूस झाला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमची वस्ती तिथून जवळ. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. एका पीडित समाजाने दुसऱ्या पीडित समाजाकडून शिकावे, ही बाबासाहेबांची रीत. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले तेही तिथूनच.

आता आरसा आपल्यासमोर

इथपर्यंत आपल्या वाचकांना काही खटकणार नाही. हा आपल्या अभिमानाचा इतिहास आहे. पण सेमाडोहच्या आजीचा प्रश्न या इतिहासाला विचारून पाहा. आज चाळणी आपल्याही हातात आहे. आपली प्रकाशने आहेत, नियतकालिके आहेत, दैनिके आहेत, संमेलने आहेत, विद्यापीठांत आपले प्राध्यापक आहेत. या चाळणीतून आपण कोरकूंसाठी काय केले?

आपल्या संमेलनांचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. उद्घाटनाला पाहुणे यायला उशीर होतो, तेवढ्या वेळात आदिवासी नृत्य ठेवतात. मोरपिसे, ढोल, टाळ्या. पाहुणे आले की ढोल थांबतो आणि परिसंवाद सुरू होतो. परिसंवादात आदिवासींवर बोलणारा असतो, आदिवासी बोलणारा नसतो. एखाद्या विशेषांकात शेवटी एक लेख असतो, 'आदिवासी साहित्य : एक दृष्टिक्षेप'. प्रस्थापितांनी दलित साहित्याला हीच शेवटची चार पाने दिली होती, तेव्हा आपण संतापलो होतो. तो संताप खरा असेल तर आज आपण अस्वस्थ झाले पाहिजे.

आदिवासी साहित्यिक स्वस्थ बसलेले नाहीत, हेही इथे नोंदवले पाहिजे. १९७९ साली चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. भुजंग मेश्राम यांची 'उलगुलान', वाहरू सोनवणे यांची भिली आणि मराठीतली 'गोधड' ही मराठी कवितेची संपत्ती आहे. विनायक तुमराम यांनी 'शतकातील आदिवासी कविता' संपादित केली. पण या साऱ्यात गोंड आणि भिल्ल समाजाचा आवाज जितका ऐकू येतो तितका कोरकूंचा येत नाही. मेळघाट हा आपल्या वऱ्हाडचाच भाग. अमरावतीत बसून आपण हार्लेमच्या कवींची नावे पाठ म्हणतो आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका कोरकू गाणारणीचे नाव आपल्याला सांगता येत नाही, हे काही बरे लक्षण नाही.

कोरकू ही काही मराठीची बोली नव्हे. गोंडी द्रविड कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. संथाली, मुंडारी या तिच्या बहिणी झारखंड-ओडिशाकडे राहिल्या आणि ही एकटी पश्चिमेला सातपुड्यात नांदत आली. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसे. सिपना म्हणजे साग. आपण ज्या नदीचे नाव रोज घेतो ते कोरकू शब्दाचे आहे, हे परतवाडा-अचलपुरात किती जणांना ठाऊक आहे? २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून सुमारे ५ लाख ७४ हजार लोकांनी कोरकू ही मातृभाषा सांगितली, २०११ मध्ये सुमारे ७ लाख २७ हजार. एवढ्या माणसांची भाषा असूनही तिला आठव्या अनुसूचीत जागा नाही. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला. तेव्हापासून तिथल्या वाघांची मोजदाद होते. ती झालीच पाहिजे. पण म्हाताऱ्यांबरोबर किती गाणी गेली, याची मोजदाद कोणत्या खात्याकडे आहे?

या भाषेची नोंद कोणीच केली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मिशनरी जॉन ड्रेक यांनी १९०३ साली तिचे व्याकरण छापले. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात १९०६ साली तिचे नमुने आले. के. एस. नागराज यांचे व्याकरण, कथने आणि शब्दसंग्रह असलेले पुस्तक १९९९ साली निघाले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ साली आला. या अभ्यासकांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु व्याकरणाच्या पुस्तकात गाणे येते ते क्रियापद कसे चालते हे दाखवायला. भाषेचा नमुना वेगळा आणि साहित्य वेगळे. नमुन्याला नाव लागत नाही. साहित्याला लागते.

थेरींनी घालून दिलेला धडा

कोणी म्हणेल, लोकगीताला कर्ता नसतो, मग नाव कुणाचे लिहायचे? या शंकेचे उत्तर आपल्या धम्मातच आहे. थेरीगाथा हा जगातल्या स्त्रियांच्या कवितांचा अतिप्राचीन संग्रह. त्यात ७३ रचना आहेत. प्रत्येक रचना कुणाची हे परंपरेने जपायचा प्रयत्न केला. नाव ठाऊक नव्हते तिथे कुणीएक भिक्खुणी अशी नोंद ठेवली, पण रचना दुसऱ्याच्या नावावर चढवली नाही. त्यात आम्रपाली आहे, राजघराण्यातल्या स्त्रिया आहेत आणि पाणी भरणारी दासी पुण्णिकाही आहे. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुवायला निघालेल्या ब्राह्मणाला ही दासी विचारते की पाण्याने शुद्धी होत असेल तर मग मासे आणि बेडूक सगळे स्वर्गात जातील काय. एका दासीचा हा प्रश्न तिच्या नावासह अडीच हजार वर्षे टिकला. आणि या गाथा आधी लिहिलेल्या नव्हत्या. भाणकांनी त्या मुखोद्गत राखल्या. सिंहलद्वीपात त्रिपिटक लिहून काढले गेले ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. तोवर खुद्द बुद्धवचन हे तोंडीच होते. मग तोंडी आहे म्हणून कोरकू गाणे हलके कसे?

दुसरे उदाहरण कोरकूच्या बहिणीचे, संथालीचे. स्क्रेफ्सरुड या मिशनऱ्याने १८७१ साली कोलेआन नावाच्या एका वृद्ध संथाल गुरूकडून त्यांच्या पूर्वजांची कथा ऐकून लिहून घेतली आणि १८८७ साली ती संथाली भाषेतच छापली. ग्रंथाबरोबर सांगणाऱ्या कोलेआनचे नावही राहिले. पुढे १९२५ साली पंडित रघुनाथ मुर्मू यांनी संथालीसाठी ओल चिकी लिपी घडवली आणि २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाली आठव्या अनुसूचीत आली. भाषा एका दिवसात तिथे पोचत नाही. आधी ग्रंथ लागतात, ग्रंथांवर नावे लागतात आणि त्या नावांचा अभिमान वाटणारी पोरे लागतात.

आक्षेप आणि उत्तरे

कोरकूला लिपी नाही, असे म्हणतात. देवनागरी आहे की. मराठीही शेकडो वर्षे मोडीत लिहिली गेली आणि आज देवनागरीत छापली जाते, तिचे काही अडले नाही. कोरकू गाण्यात तीच ओळ पुन्हापुन्हा येते, त्यात काव्य कुठले, असेही ऐकले आहे. नाचाच्या पावलाबरोबर जी ओळ परत येते ती कागदावर एकसुरी दिसणारच. ढोल काढून घेतला आणि मग म्हणायचे की ताल नाही! आपल्या कवितेला एकसुरी म्हणणारे याच चष्म्यातून पाहत होते.

सर्वात गंभीर आक्षेप भाकरीचा. जिथे पोरे कुपोषणाने दगावतात तिथे गाण्यांची पुस्तके कसली काढता? १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि प्रश्न अजून संपलेला नाही. मान्य. पण भाषेचा आणि भाकरीचा संबंध नाही असे समजणे चुकीचे आहे. दवाखान्यात आईशी तिच्या भाषेत बोलणारे कोणी नसेल तर औषधाची चिठ्ठी घरी जाऊन कोपऱ्यात पडते. पुनर्वसनाच्या कागदावर अंगठा उमटतो, पण कागदात काय लिहिले ते अंगठ्याला वाचता येत नाही. बोरी, कोहा, कुंड ही गावे व्याघ्रप्रकल्पातून उठली आणि अकोट भागात सपाटीला वसवली गेली. त्यानंतर आणखी गावे उठली. घर हलले, भांडी हलली. पण गाण्यात ज्या नाल्याचे, ज्या डोंगराचे नाव होते तो नाला, तो डोंगर मागेच राहिला. नातवाने विचारले की आजी हा डोंगर कुठे आहे, तर बोट कुठे दाखवायचे?

आणि कायदा काय म्हणतो तेही पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, तेराव्या नियमात, दाव्याचा पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन ग्राह्य धरले आहे. म्हणजे म्हाताऱ्याचे तोंडी सांगणे कागदावर आले की ते जमिनीच्या हक्काचा पुरावा ठरते. कोणती देवराई कुणाची, कोणत्या पाणवठ्यावर कुणाची गुरे जात, कुठे पूर्वजांचे लाकडी खांब उभे आहेत, हे सारे कथा-गाण्यांत आहे. जे कायद्याला पुरावा म्हणून चालते ते साहित्याला साहित्य म्हणून चालत नाही काय?

बाबासाहेबांनी लिहिलेल्या संविधानाचे २९ वे कलम नागरिकांच्या कोणत्याही गटाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क देते. हा हक्क कोरकूंचा आहे. त्यांना तो कोणी दान द्यायचा नाही. १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी हिंदू समाजाला आदिवासींच्या अवस्थेबद्दल जाब विचारला होता. त्या काळची सुधारण्याची भाषा आज आपण वापरणार नाही, कारण कोरकूंना कोणी सुधारायची गरज नाही. पण जाब विचारणारा तो प्रश्न आज आपल्यालाही लागू होतो. शेजाऱ्यासाठी तुम्ही काय केले?

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, आपण संपादक व्हायचे नाही. गाण्यांची निवड कोरकू माणसांनी करावी, त्यात निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, कारण गाणी बहुतेक त्यांच्याजवळ आहेत. धारणी-चिखलदरा तालुक्यांत शिकलेली कोरकू मुले-मुली आज आहेत. शिक्षक आहेत, आरोग्यसेविका आहेत, पदवीधर आहेत. काय छापायचे आणि काय छापायचे नाही हे त्यांनी ठरवावे. भूमकाच्या काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, त्या न छापण्याचाही हक्क त्यांचाच.

दुसरी गोष्ट, डाव्या पानावर देवनागरीतले कोरकू, उजव्या पानावर मराठी. प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्याचे नाव, गाव आणि ऐकल्याचे साल, त्याची इच्छा असेल तर. तिसरी गोष्ट, प्रस्तावना कोरकू माणसाची. आपल्यापैकी कुणा नामवंताची प्रस्तावना नको. ज्याला फारच लिहावेसे वाटेल त्याने पुस्तक निघाल्यावर परीक्षण लिहावे. आणि कोरकू तरुणांनी आपल्या कवितांवरही लिहावे. समीक्षा ही एकतर्फी वाट नसते.

चौथी गोष्ट, पुस्तकाचे प्रकाशन पुण्या-मुंबईत नको, सेमाडोहला करा. पहिल्या प्रती ज्यांची गाणी आहेत त्यांच्या हातात, नंतर आश्रमशाळांत, नंतर दुकानात. अमरावती विद्यापीठाचे जे विद्यार्थी मेळघाटात जाऊन प्रबंध लिहितात, त्यांनी पदवी मिळाल्यावर एक प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीत नेऊन द्यावी, एवढा साधा संकेत मार्गदर्शकांनी पाळला तरी पुष्कळ होईल.

मग आपण काय करायचे? जे आपल्याला येते ते. आपल्याला छापखाना ठाऊक आहे, वर्गणी गोळा करणे ठाऊक आहे, पुस्तक डोक्यावर वाहून लोकांपर्यंत नेणे ठाऊक आहे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर अर्धपोटी माणूस भाकरीचे पैसे वाचवून पुस्तक विकत घेतो, हे दृश्य दुसऱ्या कुठल्या समाजात आहे? त्या दुकानांत एक फळी कोरकू पुस्तकाची असू द्या. ग्रंथ निघणे पुरेसे नसते, तो पोचवावा लागतो, हे आपल्याइतके कोणाला कळते? वसंत मून यांनी आयुष्य घालून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे संपादित केली, पहिला खंड १९७९ साली निघाला. त्याच प्रकल्पाची छपाई रखडली म्हणून २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या ग्रंथांची ही गत, तर कोरकू गाण्यांकडे सरकार आपण होऊन पाहील या भ्रमात कोणी राहू नये.

वाचकहो, मुक्ता साळवेचा निबंध छापलेला होता म्हणून शंभर वर्षांनीही सापडला. पुण्णिकेची गाथा भाणकांच्या मुखात होती म्हणून वाचली. सेमाडोहच्या आजीची गाणी ना छापलेली आहेत, ना पुढे कुणाच्या मुखात राहतील याची खात्री आहे. तिची नात वसतिगृहात राहून मराठी कविता पाठ करते. करावी, जरूर करावी. पण एक दिवस तिच्या हातात असे पुस्तक यावे की ज्याच्या डाव्या पानावर तिच्या आजीचे गाणे आहे आणि त्याखाली आजीचे नाव आहे. आजीला वाचता येत नाही. नात वाचून दाखवील आणि आजी तिचे उच्चार दुरुस्त करील. समीक्षेची सुरुवात तिथून होईल.

मी पुन्हा सेमाडोहला जाणार आहे. पण यावेळी रिकामी वही घेऊन जाण्याची लाज वाटते. काहीतरी परत द्यायला घेऊन जावे, असे वाटते. ते एकट्याचे काम नाही. म्हणून हा लेख.

जयभीम!